निर्वासितांच्या कहाण्या आणि निरंक माणसे

२०२१ सालापासून १४ ऑगस्ट हा दिवस ‘विभाजन विभीषिका स्मृती दिन’ म्हणून पाळला जातो. महाविद्यालयांतून त्या दिवशी प्रदर्शने लागतात, व्याख्याने होतात. अमरावतीच्या ज्या महाविद्यालयात मी शिकवतो तेथेही एका वर्षी फलक लागले. टपापर्यंत माणसांनी भरलेल्या आगगाड्या, बैलगाड्यांचे तांडे, तंबूंच्या रांगा. समारोपाला शहरातल्याच एका वृद्ध सिंधी गृहस्थांचे अनुभवकथन होते. घराला कुलूप लावून किल्ली मुसलमान शेजारणीच्या हाती देणाऱ्या आपल्या आईविषयी ते बोलले. महिनाभरात परत येऊ, असे ती म्हणाली होती. सभागृहात अनेकांनी डोळे पुसले. मीही पुसले. कार्यक्रम संपल्यावर दर्यापूरकडच्या खेड्यातून येणारा माझा एक विद्यार्थी फलकांपुढे रेंगाळत होता. त्याने विचारले, “सर, याच्यात आपले लोकं कुठी हायेत?”

मी त्याला काहीतरी थातुरमातुर सांगितले आणि निघालो. परंतु प्रश्न डोक्यातून जाईना. प्रस्तुत लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर होय.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. त्या वृद्ध गृहस्थांचे दुःख खरे आहे आणि त्यावर शंका घेण्याचा येथे हेतू नाही. अमरावतीत रामपुरी कॅम्प आहे, अकोल्यात सिंधी कॅम्प आहे. तंबू जाऊन तेथे पक्की घरे झाली, दुकाने झाली, तिसरी-चौथी पिढी आली. पण ऑटोवाला अजून ‘कॅम्प’च म्हणतो. माणूस स्थिरावला तरी त्याच्या पत्त्यातून निर्वासितपण जात नाही, हे आम्हाला कोणी शिकवण्याची गरज नाही. आमच्याही पत्त्यात गावकुसाबाहेरची वस्ती अजून शिल्लक आहे. प्रश्न त्या दुःखाच्या खरेपणाचा नाही. ज्या साच्यात घालून ते दुःख समाजापुढे मांडले जाते, त्या साच्याचा आहे.

निर्वासितांविषयी समाजात आपुलकी निर्माण करायची तर एकेका माणसाची कहाणी सांगा, असे आज सर्वत्र मानले जाते. आकडे मनाला भिडत नाहीत, चेहरा भिडतो. हे काही अंशी खरेही आहे. २०१५ साली तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर मृतावस्थेत सापडलेल्या सीरियन बालकाच्या छायाचित्राने सारे जग हळहळले. मात्र २०१६ च्या मार्च महिन्यात युरोपीय संघाने तुर्कस्तानशी करार करून त्याच सीरियन लोकांची युरोपकडे येणारी वाट अडवली. हळहळ आणि आधार यांच्यात एवढे अंतर असू शकते. हळहळणाऱ्याला काही द्यावे लागत नाही. आधार देणाऱ्याला आपल्यातले काही सोडावे लागते.

परंतु त्याही आधीचा प्रश्न असा की, कोणाची कहाणी ‘कहाणी’ म्हणून ऐकली जाते? फाळणीच्या कहाणीचा साचा पाहा. सुरुवातीला घर असते. घराला अंगण, अंगणात झाड, विहीर, शेजार. मग दंगल, प्रवास, छावणी. शेवटी हरवलेल्या घराची आठवण. कुलूप आणि किल्ली हे या साच्याचे मध्यवर्ती प्रतीक. ऐकणाऱ्याला स्वतःचे घर आठवते. ते आपल्याकडून हिरावले गेले तर, या कल्पनेने त्याच्या पोटात कालवते. त्याची सहानुभूती मुळात स्वतःच्या घराविषयीची भीती आहे. आता ज्याला कुलूप लावण्यासारखे दारच नव्हते, त्याने या साच्यात काय सांगावे?

गंमत अशी की, सरकारी कचेरीचाही साचा हाच होता. पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांसाठी १९५० साली दाव्यांचा कायदा झाला, १९५४ साली भरपाईचा. तिकडे जेवढी मालमत्ता सोडून आलात, त्या प्रमाणात इकडे भरपाई, हे त्यामागचे सूत्र. पूर्व पंजाबात जमिनीचे वाटपही तिकडे सोडलेल्या जमिनीच्या हिशेबाने झाले. पण पंजाबात १९०० सालच्या जमीन हस्तांतरण कायद्याने शेतजमीन विकत घेण्याचा अधिकार सरकारने ठरवलेल्या ‘शेतकरी जमातीं’पुरता ठेवला होता, आणि अस्पृश्य जाती त्या यादीत नव्हत्या. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबणारा माणूस सीमा ओलांडून आला तेव्हा दाव्याच्या अर्जावर लिहायला त्याच्याकडे काही नव्हते. ज्यांना पूर्वी कायद्याने जमीन मिळू दिली नाही, त्यांना आता जमीन नव्हती म्हणून जमीन मिळाली नाही. कचेरीने विचारले, काय गमावले? साहित्याने विचारले, काय गमावले? दोन्हीकडे आमच्या माणसाचे उत्तर एकच होते.

त्या उत्तराला आमच्या वऱ्हाडातल्या कचेऱ्यांत एक शब्द आहे: निरंक. हा शब्द मी पुस्तकात वाचण्याआधी घरी ऐकला. माझे वडील अकोला जिल्ह्यातल्या एका गावात सालदार होते. आमचे घर गावाला लागून असलेल्या ई-क्लास जमिनीवर होते. म्हणजे सरकारदप्तरी ते घर नव्हते, अतिक्रमण होते. मी चौथीत असताना अतिक्रमण हटले. कुडाच्या भिंती, टिनाची चार पत्रे, एक मांडव, चूल, माझ्या मायने अंगणात लावलेली शेवग्याची दोन झाडे. पंचनामा झाला. पुढे काही वर्षांनी तो कागद माझ्या हाती आला, तेव्हा नुकसानीच्या रकान्यात एकच शब्द होता. मी मायला वाचून दाखवला, अर्थ सांगितला. ती म्हणाली, “बराबर लिवलं बाबू. आपल्यापाशी होतंच काय जायाले?” कागद लिहिणाऱ्यापेक्षा मला मायच्या उत्तराचे दुःख अधिक झाले. आपले काही गेले, हे मानण्याचासुद्धा अधिकार तिने सोडून दिला होता.

आता फलकांवर नसलेल्या माणसांकडे वळू. फाळणीनंतर सिंधमधून सवर्ण हिंदू निघाले तेव्हा सफाईचे काम करणाऱ्या जातींनाही निघायचे होते. त्यांना जाऊ दिले गेले नाही. अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली त्यांना अडकवून ठेवण्यात आले. भारताचे कराचीतील पहिले उच्चायुक्त श्रीप्रकाश यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे की, त्यांनी याविषयी विचारले तेव्हा, हे लोक गेले तर कराचीचे रस्ते आणि संडास कोण साफ करणार, असा उलट प्रश्न पंतप्रधान लियाकत अली खान यांनी केला. म्हणजे या माणसांच्या घरांची किंमत निरंक होती. त्यांच्या हातातल्या झाडूची किंमत मात्र एका नव्या राष्ट्राला कळत होती. १९४७ च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहून तिकडे अडकलेल्या अस्पृश्यांकडे, आणि इकडे येऊनही मदतीपासून दूर राहिलेल्या अस्पृश्य निर्वासितांकडे लक्ष वेधले. त्या पत्रात अश्रू काढणारी कहाणी नाही. काय घडते आहे आणि शासनाने काय करावे, एवढेच आहे. निर्वासितांविषयी लिहावे कसे, याचा हा एक नमुना आपल्या परंपरेत आहे, आणि आपण त्याकडे साहित्य म्हणून कधी पाहिले नाही.

उर्वशी बुटालिया यांच्या ‘द अदर साइड ऑफ सायलेन्स’ या १९९८ साली आलेल्या इंग्रजी ग्रंथात पंजाबातल्या एका सफाई कामगार स्त्रीची मुलाखत आहे. फाळणीच्या दिवसांत ती लहान मुलगी होती. तिच्या बोलण्यात हरवलेल्या घराची आठवण नाही. ओस पडलेल्या घरांतून मुलांनी चीजवस्तू गोळा केल्या, त्याची आठवण आहे. आपल्याला कोण काय करणार, अशी एक बेफिकिरी आहे. मी हा भाग वर्गात सांगितला तेव्हा काही विद्यार्थ्यांचे चेहरे कसनुसे झाले. ही कसली निर्वासितांची कहाणी? हिच्यासाठी डोळे कसे पुसावेत? पण येथेच समीक्षेचे काम सुरू होते. ज्यांच्या घरात तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिले गेले नसते, त्यांच्या घरात ती आयुष्यात पहिल्यांदा शिरली, तीही ती घरे ओस पडल्यावर. एका वाक्यात सारी गावरचना उघडी पडते. आणि तरी ही कहाणी कोणत्याही फलकावर येणार नाही, कारण ती ऐकणाऱ्याला चांगुलपणाचा अनुभव देत नाही. सहानुभूतीला निष्पाप, गरीब, हात जोडलेला निर्वासित लागतो. लबाडी करणारा, चिडलेला, हिशेब मागणारा निर्वासित तिला चालत नाही.

बंगालचे उदाहरण याहून आपल्या जवळचे आहे. १९४६ साली मुंबई प्रांतातून वाट बंद झाली तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या नामशूद्र सहकाऱ्यांच्या पाठबळावर बाबासाहेब बंगालमधून घटना समितीवर निवडून गेले. ज्यांनी त्यांना पाठवले, त्यांचा प्रदेश पुढे पूर्व पाकिस्तानात गेला. मंडल पाकिस्तानचे कायदामंत्री झाले आणि १९५० च्या ऑक्टोबरात राजीनामा देऊन भारतात आले. त्यांचे दीर्घ राजीनामापत्र हीसुद्धा एक साक्षच आहे. त्यांच्यामागून आलेल्या गरीब नामशूद्र शेतकऱ्यांना पश्चिम पाकिस्तानच्या निर्वासितांसारखा मालमत्तेचा दावाही करता आला नाही. त्याआधी आलेल्या भद्रलोकांनी कलकत्त्याच्या कडेला जमिनी बळकावून वसाहती उभारल्या, आणि त्या संघर्षाची गौरवगाथा बंगाली साहित्यात आली. नामशूद्रांना छावण्यांत ठेवून नंतर बंगालबाहेर धाडले गेले. १९५८ साली दंडकारण्य प्रकल्प निघाला. ओडिशातल्या मलकानगिरीत त्यांच्या गावांना नावे मिळाली नाहीत, क्रमांक मिळाले: एम.व्ही. १, एम.व्ही. २, असे. नदीकाठच्या माणसांना खडकाळ जमिनीत नेऊन बसवले.

१९७८ साली त्यांतील हजारो लोक उठून बंगालला परत गेले आणि सुंदरबनातल्या मरीचझांपी बेटावर त्यांनी स्वतःच्या हातांनी वस्ती उभारली. १९७९ च्या जानेवारीत डाव्या सरकारने बेटाची नाकेबंदी केली, गोळीबार झाला, आणि मे महिन्यात झोपड्या जाळून वस्ती उठवली. किती माणसे मेली याचा हिशेब आजवर लागलेला नाही. कारण असे दिले गेले की, हे राखीव जंगल आहे. सुंदरबन हे १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक.

त्या नऊंमध्ये आपले मेळघाटही आहे, हे येथे आठवले पाहिजे. मेळघाटातली कोरकू गावे वाघासाठी उठवून अकोला जिल्ह्यात, अकोटच्या बाजूला, पायथ्याशी आणून बसवली गेली. २००८ पासून कुटुंबामागे १० लाख रुपयांचे पॅकेज आले. पॅकेजच्या अर्जात घर मोजता येते, शेत मोजता येते. मोहफुलांचा हंगाम, डिंक, ओढ्यातले मासे, देवाची जागा यांना रकाना नाही, तेथे निरंक. २०१७ साली यांतले अनेक लोक पुन्हा जंगलाच्या वाटेने वर गेले. २०१९ च्या जानेवारीत त्यांच्यात आणि वनखात्याच्या व पोलिसांच्या लोकांत मोठा संघर्ष झाला, माणसे जखमी झाली. त्याआधी मेळघाटच्या कुपोषित मुलांची छायाचित्रे पाहून वर्षानुवर्षे महाराष्ट्र हळहळत होता. तीच मुले मोठी होऊन जमीन मागू लागली, तेव्हा हळहळ कोठे गेली? दयेचा विषय असलेला माणूस हक्काची भाषा बोलू लागला की प्रस्थापितांना तो उर्मट वाटतो. हा अनुभव दलितांना नवा नाही.

याच्या उलट बाजूला मराठी दलित आत्मकथनांचा अनुभव आहे. मरीचझांपीच्या दिशेने माणसे निघाली त्याच १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले. त्याच साली २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, आणि मराठवाड्यातले दलित जळत्या वस्त्या सोडून जीव मुठीत धरून निघाले. १९८० साली लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आले, १९८७ साली लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’. या पुस्तकांनी साचा मोडला. हरवलेल्या घराची कहाणी त्यांनी सांगितली नाही. कधीच मिळू न दिलेल्या घराची सांगितली. काय गमावले, या प्रश्नाच्या जागी त्यांनी दुसरा प्रश्न ठेवला: कोणी मिळू दिले नाही? निरंक या शब्दाचा कर्ता कोण, हे त्यांनी विचारले. मराठी साहित्यात हा बदल केवढा मोठा होता, हे निर्वासितांच्या साहित्याशेजारी ठेवून पाहिल्यावर अधिक कळते.

बंगालीत हेच काम मनोरंजन ब्यापारी यांनी केले. निर्वासितांच्या छावणीत गेलेले बालपण, तुरुंगात झालेली अक्षरओळख, रिक्षा ओढून भरलेले पोट. त्यांच्या आत्मकथनाच्या नावातला ‘चंडाल’ हा शब्द जातही सांगतो आणि संतापही. आपण केलेली हाणामारी ते लपवत नाहीत. वाचकाने आपल्याला चांगला माणूस समजावे, ही अट त्यांनी स्वीकारलेली नाही. ‘बलुतं’ आणि हे पुस्तक शेजारी ठेवून वाचा. दोघांची भाषा वेगळी, पण दोघेही वाचकाच्या दयेला दाराबाहेर उभे करतात.

येथे कोणी म्हणेल, मग आत्मकथनांवरही सवर्ण वाचक हळहळलेच ना? होय, हळहळले. सत्कार झाले, पुरस्कार मिळाले, अभ्यासक्रमात उतारे लागले. आमच्यातल्या काहींना आपली घाण चव्हाट्यावर मांडली असे वाटले. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. मला यात आणखी एक बाजू दिसते. अकोल्याला वसतिगृहात राहून शिकत असताना मी ‘बलुतं’ वाचले. मला तेव्हा कोणाची सहानुभूती मिळाली नाही, पण मायने वाचून घेतलेला तो निरंक शब्द मला प्रथमच खोटा वाटला. कहाणीचा खरा वाचक हळहळणारा परका नसतो. स्वतःला निरंक समजणारा आपलाच माणूस असतो. कहाणी त्याच्यापर्यंत पोहोचली तर ती चळवळीच्या कामी येते. केवळ परक्याच्या डोळ्यांत पाणी आणण्यासाठी लिहिलेली कहाणी मात्र सांगणाऱ्याला पुन्हा पुन्हा तेच दुःख नव्याने सादर करायला लावते. उद्या त्याचे रडणे कमी पडले तर मदतही कमी होईल, अशी ती बाजारपेठ आहे.

म्हणून निर्वासितांच्या, विस्थापितांच्या कहाण्या सांगू नयेत असे मी म्हणत नाही. त्या अधिक सांगितल्या पाहिजेत. पण वाचताना आणि लिहिताना आपण काही गोष्टी तपासल्या पाहिजेत. या कहाणीत ज्याच्याकडे गमावण्याजोगे काही नव्हते, त्याला जागा आहे का? दुःख आभाळातून पडल्यासारखे आहे, की ते देणाऱ्या माणसाचे, कायद्याचे, कचेरीचे नाव त्यात आहे? शेवटी काही मागणी आहे का, आणि ती कोणाकडे? एका समूहाचे दुःख दुसऱ्या समूहाविषयी द्वेष पेटवण्यासाठी तर वापरले जात नाही ना? किल्ली सांभाळायला घेणारी ती मुसलमान शेजारीण त्या दिवशी सभागृहात फार थोड्यांच्या लक्षात राहिली, हे मला नंतर जाणवले.

कहाणी ऐकून शासन हलत नाही, हे पाहायला दूर जावे लागत नाही. आपल्याच विदर्भात, गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी-मुलचेरा भागात पूर्व बंगालच्या निर्वासितांची गावे आहेत. त्यांची कहाणी कोणी नाकारत नाही. पण पश्चिम बंगाल आणि ओडिशाच्या अनुसूचित जातींच्या यादीत असलेले नामशूद्र महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. ज्या जातीमुळे त्यांना बंगालबाहेर फेकले गेले, ती जात येथे कागदावर निरंक झाली. त्यांना आपल्या अश्रूंपेक्षा जातीच्या दाखल्याच्या मागणीत आपली साथ हवी आहे. ज्या समाजाने बाबासाहेबांना घटना समितीत पाठवले, त्याचे ऋण आंबेडकरी चळवळीने एवढ्या जवळ असून फेडले नाही, हे कबूल केले पाहिजे.

त्या विद्यार्थ्याला आता माझे उत्तर असे आहे. आपले लोक कराचीच्या रस्त्यावर होते, पंजाबच्या ओस घरांत होते, मरीचझांपीच्या बेटावर होते. आणि १४ ऑगस्ट या तारखेला आपलाही एक फलक आहे. १९३१ साली याच दिवशी मुंबईच्या मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना तोंडावर सांगितले होते की, आपल्याला मायभूमी नाही. फाळणीला तेव्हा सोळा वर्षे अवकाश होता. घर न सोडताही माणूस निर्वासित असू शकतो, हे या देशाला त्या दिवशी सांगितले गेले. पुढच्या १४ ऑगस्टला तो फलक आपण दोघे मिळून लावू.

त्याआधी त्याने, आणि अकोला-अमरावतीत हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने, घरातल्या ट्रंकेतले जुने पंचनामे, नोटिसा, ई-क्लासच्या दंडाच्या पावत्या बाहेर काढाव्यात. आजीला, मायला शेजारी बसवावे आणि नुकसानीच्या रकान्यात खरोखर काय काय होते ते विचारून लिहून घ्यावे. मी सुरुवात केली आहे. माझ्या यादीत पहिली नोंद आहे: शेवग्याची झाडे, दोन.